कात्री कोणाच्या हाती?

काल रात्रीची पोळी सकाळी कुस्करून फोडणीला टाकली, वर कोथिंबीर पेरली आणि पानात वाढली, तर त्यात कोणाचाही अपमान होत नाही. आमच्या घरी तर फोडणीच्या पोळीवरून भांडणे होतात. पण तीच पोळी कोणी चांदीच्या ताटात घालून, वर वर्ख लावून, 'आज पुरणपोळी' असे सांगून वाढली आणि पैसेही पुरणपोळीचे मागितले, तर त्या आचाऱ्याला काय म्हणावे? जपानी ॲनिमेच्या दुनियेत हा प्रकार राजरोस चालू आहे. आमची पोरे खाऊचे पैसे साठवून ती पोळी खात आहेत, आणि वर 'वा, काय पुरण आहे' म्हणत आहेत. म्हणून हा लेखप्रपंच.

दिवाळी अंकात हा कसला विषय, असे ज्या वाचकांना वाटेल त्यांनी क्षणभर आपल्याच घरात डोकावून पाहावे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी मोगली लागला की गल्ल्या ओस पडत. त्यातल्या शेरखानाला आपल्या नाना पाटेकरांनी आवाज दिला होता, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती मालिका जपानी होती हे पुष्कळांच्या गावीही नव्हते. ती पाहणारी मुले आज चाळिशीला आली. त्यांच्या मुलांना मात्र सगळे ठाऊक असते. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर'चा नवा चित्रपट आपल्याकडे हिंदी, तमिळ, तेलुगू अशा भाषांतून लागला, तेव्हा घरोघरी कोणत्या खेळाला जायचे यावर खलबते झाली. तेव्हा हा विषय आता उंबरठ्याच्या आत आलेला आहे.

तर प्रकार असा. जपानात एखादी मालिका सव्वीस भाग चालते, एखादी पन्नास. ती संपली की, किंवा कधी संपायच्या आधीच, तिच्यातले तुकडे वेचून, जोडून, दोन तासांचा चित्रपट करायचा आणि तिकीट लावून दाखवायचा. याला जपानीत 'सोशूहेन' म्हणतात. आपल्याकडे याला चपखल शब्द आहे : संकलन. गोळा करणे म्हणजेही संकलन आणि चित्रपटाची काटछाट करणे म्हणजेही संकलनच. एकाच शब्दात वेचणे आणि टाकणे अशी दोन कामे आपल्या भाषेने बसवून ठेवली आहेत. माझे सगळे भांडण एवढ्यासाठीच आहे की, या धंद्यातल्या बहुतेकांना वेचता येते, टाकता येत नाही.

चाल जुनी आहे. ओसामु तेझुका यांच्या 'ॲस्ट्रो बॉय'चे तीन भाग जोडून १९६४ सालीच चित्रपट निघाला होता. त्या काळी घरी चित्रफीत नव्हती, मालिकेचा हुकलेला भाग म्हणजे हुकलेली आगगाडी. तेव्हा शाळेच्या सुटीत मोठ्या पडद्यावर तो पुन्हा दाखवणे हे एक प्रकारचे परोपकाराचेच काम होते. आज जो तो भाग पोराच्या खिशातल्या यंत्रात बसलेला आहे. परोपकार संपला, तिकीट तेवढे राहिले.

माझ्या रागाला निमित्त घडले ते मागच्या उन्हाळ्यात. पुतण्या चौदा वर्षांचा. त्याने हट्ट धरला म्हणून मी आणि माझी आई, म्हणजे त्याची आजी, असे तिघे एका चित्रपटाला गेलो. चित्रपटाचे आणि चित्रपटगृहाचे नाव सांगत नाही; अशांची जाहिरात फुकट का करावी? तिघांची तिकिटे आणि मध्यंतरातला खाऊ यांत पंधरा दिवसांचे दूध सहज आले असते. दिवे मालवले आणि पडद्यावर जी धावपळ सुरू झाली ती दोन तास थांबली नाही. अर्ध्या तासाने आईने माझा दंड हलवला.

"अरे, हा आत्ता मेला ना? मग परत कुठनं आला?"

"आजी, ते आधीचं आहे. आठवणीतलं," पुतण्या कुजबुजला.

"आणि ही का रडतेय?"

"ते... त्याला मालिका बघायला लागते."

मध्यंतरात मी त्याला विचारले की, यातले तू आधी काय काय पाहिले होतेस. पोरगा खरा आहे. खाली बघत म्हणाला, "सगळंच, काका." ज्याने मालिका पाहिली त्याला यात नवे काही नाही, ज्याने पाहिली नाही त्याला यात काही कळत नाही. मग हा चित्रपट होता तरी कोणासाठी? गल्ल्यावर बसलेल्या इसमासाठी, एवढेच उत्तर मला सुचते. चित्रे आधीच काढून झालेली, आवाज आधीच भरून झालेले, मजुरी पूर्वीच चुकती झालेली. खर्च काय तो डिंकाचा.

यावर एक पंडितांचा वर्ग आहे, तो म्हणतो की, संकलित चित्रपट म्हणजे सगळा शिळा माल. अस्सल रसिकाने त्याच्या वाटेला जाऊ नये. मला हेही मान्य नाही. आळशी माणसाचे हे मत आहे. कारण याच शिळ्या मालातून काही असे चित्रपट निघाले आहेत की मूळ मालिका त्यांच्यापुढे कच्चा खर्डा वाटावी. वाईट संकलनाला शिव्या देण्याचा अधिकार ज्याला हवा त्याने चांगले संकलन कोणते हे आधी सांगावे. मी सांगतो.

आधी 'यामातो'चे नाव घ्यावे लागेल, पण पहिला मान म्हणून नव्हे. बुडालेली युद्धनौका आकाशयान होऊन पृथ्वीला वाचवायला निघते, अशी ही मालिका १९७४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर आल्प्सच्या डोंगरातली 'हायडी' लागत असे. हायडीपुढे युद्धनौकेचा निभाव लागला नाही आणि ३९ भागांचा बेत २६ वर आटोपावा लागला. पण प्रेक्षक हळूहळू वाढत गेले, आणि ऑगस्ट १९७७ मध्ये तिचा संकलित चित्रपट लागला तेव्हा तरुण पोरे आदल्या रात्रीपासून रांगा लावून बसली. ॲनिमे ही केवळ बालकांची करमणूक नव्हे, हे जपानातल्या धंदेवाल्यांना त्या रांगांनी शिकवले. उपकार मोठा. पण चित्रपट? मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी मानवजातीच्या विनाशाला आता किती दिवस उरले याचा आकडा पडद्यावर येत असे. आठवडा गेला की आकडा खाली. पाहणाऱ्याच्या घरातल्या दिनदर्शिकेचे पानही तेवढेच उलटलेले. तो धसका हा त्या कथेचा प्राण. दोन तासांच्या चित्रपटात वर्षभराचा प्रवास कोंबला आणि तो प्राण निसटला. उरल्या त्या लढाया. जे अनुक्रमात होते ते गाळले आणि जे आवाजात होते ते ठेवले. अशी चूक पुढे शेकडोंनी केली.

आता 'गन्डम'. इथे मला थोडे थांबू द्या, कारण माझा सगळा मुद्दा या एका उदाहरणावर उभा आहे.

योशियुकी तोमिनो हे दिग्दर्शक. मालिका एप्रिल १९७९ ते जानेवारी १९८०. पैसे एका खेळणी कंपनीचे. खेळणी कंपनीला काय हवे असणार? दर आठवड्याला एक लढाई, अधूनमधून नवे यंत्र, आणि ते यंत्र दुकानात. तोमिनोंना मात्र सांगायची होती युद्धाची गोष्ट. आमुरो नावाचा एक घुम्या मुलगा नशिबाने एका अजस्र यंत्राच्या पोटात जाऊन बसतो आणि आपल्याएवढ्याच घाबरलेल्या माणसांना मारत मारत मोठा होतो. खेळणी खपली नाहीत. ५२ भागांचा बेत ४३ वर तोडला गेला. पण पुनःप्रक्षेपणात लोकांना मालिका उमगली, १९८० च्या जुलैपासून दुसऱ्या एका कंपनीने काढलेले तिचे जोडकामाचे नमुने धडाधड खपू लागले, आणि चित्रपटाची मागणी आली. २२ फेब्रुवारी १९८१ रोजी तोक्योच्या शिंजुकु स्थानकाबाहेर त्याच्या प्रचाराची सभा झाली, तिला सुमारे १५ हजार तरुण जमले. व्यंगचित्रांच्या चित्रपटासाठी!

तोमिनोंना तेव्हा धंदेवाईक तडजोड करून एक दीड तासाचा तुकडा फेकता आला असता. त्यांनी तीन चित्रपट केले : मार्च १९८१, जुलै १९८१, मार्च १९८२. प्रत्येक सव्वादोन तासांच्या घरातला. गीते आणि जाहिराती सोडून मालिका पंधरा तासांची धरली तर निम्म्याहून अधिक माल टाकला. काय टाकले ते पाहा. खेळणी कंपनीच्या आग्रहाने मालिकेत एक बोजड जोडयंत्र घुसडावे लागले होते. चित्रपटात ते सरळ काढून त्या जागी एक साधे लढाऊ विमान घातले. धनकोच्या हातची कात्री आता कारागिराच्या हाती आली होती, आणि तिने पहिला वार केला तो धनकोच्या खेळण्यावर! हे वाचून ज्या लेखकाला, नटाला, गवयाला आनंदाचे भरते येणार नाही त्याने कधी मालकाखाली काम केलेले नाही.

आणखी एक. मालिकेत शत्रूकडचा एक उमदा राजपुत्र मरतो आणि त्याच्या अंत्यविधीला त्याचा भाऊ हजारोंपुढे भाषण करतो. मालिकेत हा प्रसंग बाराव्या भागात येतो आणि पुढच्या आठवड्यात गोष्ट चालू होते. चित्रपटात ते भाषण उचलून शेवटाला नेले आहे. पहिला चित्रपट नायकाच्या विजयावर संपतच नाही. संपतो तो एका मृत्यूचे भांडवल करून गर्दीला पेटवणाऱ्या पुढाऱ्याच्या आवाजावर. एक प्रसंग जागचा हलवला आणि सगळ्या गोष्टीचा अर्थ पालटला. हेच ते संकलन. डिंकाने हे होत नाही.

तिसऱ्या चित्रपटाची तर वेगळीच हकीकत आहे. मालिकेच्या उत्तरार्धात पात्रे रेखाटणारे योशिकाझू यासुहिको आजारी पडून रुग्णालयात होते, त्यामुळे शेवटच्या भागांतली चित्रे पडेल झाली होती. बरे झाल्यावर त्यांनी तिसऱ्या चित्रपटासाठी फार मोठा भाग नव्याने काढला. आजारपणाने राहून गेलेले काम पुरे करण्याची संधी किती कलावंतांना मिळते? तो चित्रपट पाहताना ही भूक जाणवते.

आणि जे टाकले ते वाया गेले काय? मालिकेच्या पंधराव्या भागात एक पळून आलेला शत्रुसैनिक एका बेटावर अनाथ मुलांना सांभाळत असतो. मुख्य कथेशी त्याचा धागा जुळत नाही, म्हणून तो भाग चित्रपटांतून पार वगळला. पुढे चाळीस वर्षांनी, २०२२ साली, त्याच यासुहिकोंनी त्या एका भागावर स्वतंत्र चित्रपट केला. त्या दोन तासांत त्याला जागा नव्हती एवढेच; पुढे त्याला दोन तास स्वतःचे मिळाले.

तोमिनोंची आरती ओवाळायचा माझा विचार नाही. त्यांच्याच 'इदिऑन' मालिकेला ३९ व्या भागावर कुऱ्हाड बसली आणि गोष्ट अधांतरी राहिली. १० जुलै १९८२ रोजी त्यांनी तिचे दोन चित्रपट एकाच दिवशी लावले. पहिला, ज्यात बहुतेक सगळी मालिका दीड तासाच्या आत कोंबली आहे, तो म्हणजे गाठोडे आहे, गाठोडे! धावत्या गाडीतून फेकलेले. दुसरा मात्र दूरदर्शनवर न येऊ शकलेला खरा शेवट दाखवतो, आणि तो इतका भयंकर आहे की लहान मुलांना घेऊन पाहू नये. एका हाताने एका दिवशी केलेली ही दोन कामे. म्हणजे कात्री स्वतःच्या हाती असली की काम भागते असेही नाही.

हेच 'इव्हँजेलियन'च्या बाबतीत. हिदेआकी आन्नो यांच्या या मालिकेचे १९९७ च्या मार्चमध्ये जे संकलन आले, त्यात काळाचा क्रमच मोडून टाकला आहे. चार मुले एका रिकाम्या सभागृहात तंतुवाद्ये घेऊन पाखेलबेलच्या एका रचनेची तालीम करतात आणि त्या तालमीच्या मध्ये मालिकेचे तुकडे विखुरलेले. कल्पना मोठी सुंदर. पण ज्याने मालिका पाहिली नाही त्याने सभागृहातली खुर्ची मोजावी आणि घरी जावे. शिवाय त्याच तिकिटात जो नवा भाग द्यायचा तो पुरा झाला नव्हता, म्हणून अर्धाच दाखवला, बाकीचे जुलैत. बुद्धी अफाट, पण पंगतीला बसवून अर्धे वाढून उठवणे कोणत्या शिष्टाचारात बसते?

'मादोका' या बारा भागांच्या मालिकेचे २०१२ साली दोन चित्रपट झाले. त्यांत चित्रे घासूनपुसून लखलखीत केली आहेत, आणि टाकले जवळजवळ काहीच नाही. नुकसान नाही, नफाही नाही. पुढे चला.

दुसऱ्याच्या हातच्या कात्रीचे काय होते हे पाहायचे असेल तर 'हायडी'कडे वळा. इसाओ ताकाहाता यांनी १९७४ साली ५२ भागांत जे केले ते १९७९ साली दुसऱ्यांनी कापून एका चित्रपटात बसवले. त्याच्याशी ताकाहाता किंवा त्यांचे सहकारी हायाओ मियाझाकी यांचा काही संबंध नव्हता. मियाझाकींच्या 'कोनान' मालिकेचीही त्याच वर्षी हीच गत झाली. ही दोन जगन्मान्य माणसे, पण त्यांच्या कष्टावर कात्री चालवताना त्यांना बोलवावे असे कोणाला वाटले नाही. आपल्याकडच्या लेखकांना यात नवल वाटणार नाही.

आजचा व्यवहार निदान उघड आहे असे कोणी म्हणेल. २०२३ साली 'डीमन स्लेयर'च्या एका पर्वाचे शेवटचे दोन भाग आणि पुढच्या पर्वाचा पहिला भाग जोडून चित्रपटगृहांत दाखवला. काय दाखवणार ते आधी सांगितले होते, हे मी मान्य करतो. अंधारात शेकडो जणांबरोबर बसून टाळ्या वाजवण्यात सुख आहे, हेही मान्य. मग त्याला 'मोठ्या पडद्यावर तीन भाग' म्हणा आणि तिकीट तसे लावा. चित्रपट म्हणू नका. चित्रपट म्हटला की त्याने अनोळखी माणसापुढे एकट्याने उभे राहिले पाहिजे. माझी कसोटी सोपी आहे : आमच्या आईला काय कळले?

या कसोटीला शंभर टक्के उतरलेला एकच चित्रपट मला माहीत आहे, आणि आश्चर्य म्हणजे तो याच ताकाहातांचा आहे. 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' या कॅनडातल्या कादंबरीवर त्यांनी १९७९ साली ५० भागांची मालिका केली होती. हायडीची दशा ते विसरले नसावेत, असे आपले मला वाटते. १९८९ साली ॲनचा चित्रपट करताना त्यांनी पन्नासांचा गोषवारा केलाच नाही. पहिले सहा भाग घेतले आणि चव्वेचाळीस बाजूला ठेवले. आपला कीर्तनकार सीतास्वयंवराचे आख्यान लावतो तेव्हा तो रावणवधापर्यंत धावत सुटत नाही. धनुष्य मोडले, माळ पडली, आरती. तसेच हे. शेतीत मदतीला मुलगा हवा म्हणून म्हाताऱ्या बहीणभावांनी अनाथालयाला निरोप धाडला आणि स्थानकावर येऊन बसली ती तांबड्या केसांची, अखंड बडबडणारी मुलगी. तिला ठेवायची की परत पाठवायची? शंभर मिनिटांत एवढा एकच प्रश्न. लढाई नाही, स्फोट नाही. करून ठेवलेला हा चित्रपट लोकांपुढे यायला २०१० साल उजाडले. पंचवीस-पन्नास भागांचा चुरा विकत घेणारा बाजार सहा भागांच्या चित्रपटासाठी एकवीस वर्षे सवड काढू शकला नाही!

गेल्या दिवाळीत पुतण्याने तो आमच्या घरच्या पडद्यावर लावला. खाली इंग्रजी अक्षरे येत होती आणि तो ती आजीला मराठीत सांगत होता. वीस मिनिटांनी आईने त्याला गप्प केले. "कळतंय मला. तू नको बोलूस." आई सात वर्षांची असताना तिची आई गेली आणि तिला बैलगाडीत बसवून मावशीकडे पोचवले होते, हे आम्हाला माहीत होते, ती स्वतः त्याबद्दल कधी बोलत नसे. पडद्यावरची पोर घोडागाडीत म्हाताऱ्याशेजारी बसून रस्त्यातल्या झाडांची नावे ठेवत चालली होती, आणि आई चकलीचा सोऱ्या मांडीवर घेऊन तशीच बसली होती. कढईतले तेल तापून धूर निघाला तेव्हा माझ्या बायकोने जाऊन गॅस बंद केला.

चित्रपट संपला. मुलीला ठेवून घेतले.

"पुढे?" आईने विचारले.

"पुढचे चव्वेचाळीस भाग आहेत, आजी."

"मग लाव की."

भाऊबीजेपर्यंत सतरा भाग झाले. चकल्या त्या वर्षी विकतच्या आणाव्या लागल्या.